आकडे सांग, आई

गेले तीन आठवडे आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाक्य ठाण मांडून बसलंय: "शिकलेसवरलेले लोक ओटीपी देतातच कसे?" लिहिणारे मामा बँकेतून निवृत्त झालेले. खाली बारा अंगठे. वाक्य माझ्या आईबद्दल आहे हे त्या बाराही जणांना माहीत आहे, आणि आईही त्याच ग्रुपवर आहे.

झालं ते असं. वैशाखात खानदेशातल्या आमच्या अमळनेरला दुपारी नळाचं पाणीसुद्धा हात भाजतं. आईचा जुना कूलर बंद पडला म्हणून मी इथे इंग्लंडात, रीडिंगमध्ये बसून, पायाशी हीटिंग चालू ठेवून, नवा मागवला. मोबाइलवर जाहिरात आली होती, किंमत जवळपास निम्मी. दुकानाचं नाव कधी ऐकलं नव्हतं. पण स्वस्त दिसलं की चौकशी नंतर करायची, ही माझी खोड अमळनेरची आहे, इथली नव्हे. पैसे माझ्या भारतातल्या एनआरओ खात्याच्या, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्या रुपयांतल्या खात्याच्या, डेबिट कार्डाने भरले. संपर्कासाठी दिला माझा जुना नंबर. ते सिम २०१४ पासून आईच्या बटणांच्या फोनमध्ये आहे. ओटीपी तिकडे आला, आईने फोनवर वाचून दाखवला, मी इथे टाकला. नेहमीसारखंच.

चार दिवसांनी, सखाराम महाराजांच्या यात्रेची गर्दी गावात असताना, त्या नंबरवर फोन आला. कूलर निघालाय, पत्ता पक्का करायचाय, एक नंबर येईल तो सांगा. आईने सांगितला. नेटवर्क गेलं, आणखी एक येईल. तोही सांगितला. एकदा २४,९९९ रुपये आणि एकदा १७,५००. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे त्यांच्याकडे होतेच, मीच भरून दिले होते. कुलपाची एक किल्ली मी दिली, दुसरी आईने.

आता मामांच्या वाक्याबद्दल. मला राग वाक्याचा आला नाही, त्यातल्या समाधानाचा आला. कोणी फसलं की आपल्याकडे आधी त्याची अक्कल मोजतात, मग पैसे. चोर त्या चर्चेत कुठेच नसतो. मी जेवणाच्या सुट्टीत मीलडीलचं सँडविच बाजूला ठेवून ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. मागच्या वर्षी माझ्या इथल्या डेबिट कार्डावर कोणीतरी २१२ पौंडांचे बूट घेतले. मी ॲपमध्ये 'हा व्यवहार माझा नाही' एवढं दाबलं, दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात. इथे २०१७ चा नियमच आहे: ग्राहकाने कळवलं की पुढच्या कामाच्या दिवसाच्या अखेरपर्यंत बँकेने पैसे परत करायचे, ग्राहकाच्या माथी फार तर ३५ पौंड. तू शिकलेला आहेस का, असं मला कोणी विचारलं नाही. शेवटी लिहिलं की आपल्याकडे हे व्हायला अजून वीस वर्षं लागतील. ते वाक्य लिहायला नको होतं. लिहिताना मात्र फार बरं वाटलं.

मामांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. "तू तिथे कोणाला ओटीपी सांगितला होतास का?"

नाही.

"मग तुलना कसली करतोस?"

बँकेत तीस वर्षं घालवलेल्या माणसाशी वाद घालू नये. पण मी घातला. म्हटलं, इथे ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसून स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसेही बँकेला ८५,००० पौंडांपर्यंत परत द्यावे लागतात, आणि ग्राहक वयाने किंवा परिस्थितीने दुबळा असेल तर त्याचा निष्काळजीपणाही काढता येत नाही. मामा म्हणाले, ते खात्यातून खात्यात पाठवलेल्या पैशांचं, कार्डाचं नाही. बरोबर होतं. मला ते माहीत होतं, त्यांना नसेल असं धरून चाललो होतो. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं: कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी-पासवर्डसारखी दुसरी खात्री हवीच, हे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीचं केलं. तुमच्या साहेबाला ते पुरतं लागू करायला मार्च २०२२ उजाडला. तेरा वर्षं तुमच्याकडे कार्डाचा नंबर टाकला की पैसे जात होते, म्हणून तर परत द्यावे लागत होते!

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वनस्पती तुपावर गेलो. ज्या अमळनेर गावात १९४५ साली तुपाचा कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे विप्रो उभी राहिली, त्या गावाने तरी म्हाताऱ्या बाईला हसू नये, वगैरे. वादाशी काडीचा संबंध नाही. परदेशात राहणाऱ्याच्या खिशात असे दोन-तीन दाखले कायम असतात. साहेबासमोर अभिमानाला उपयोगी पडतात, घरच्यांसमोर टोमण्याला.

आम्ही दोघं असे तलवारी परजत असताना बापू काय करत होता? बापू म्हणजे धाकट्या काकांचा मुलगा, बाजारात त्याचं औषधांचं दुकान आहे. त्याने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. दुकान अर्ध्यावर टाकून आईकडे गेला, १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या नंबरला फोन लावला, तक्रार नोंदवली, मला फोन करून कार्ड बंद करायला लावलं. शाखेत अर्ज घेत नव्हते, एनआरआय खातं आहे, खातेदाराने यावं म्हणे. तर तिथेच बसून माझ्याकडून ईमेल पाठवून घेतला आणि पोच हातात पडल्यावरच उठला. लवकर कळवल्यामुळे १७,५०० पुढे एका वॉलेटमध्ये अडकले. अडकलेत अजून, पण गेलेले नाहीत.

आणि माझी वीस वर्षं? आपल्याकडे अशाच नियमाचं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक ६ जुलै २०१७ चं आहे. ज्या वर्षीचा नियम मी इथला म्हणून मिरवत होतो, त्याच वर्षीचं. चूक बँकेची असेल, किंवा तिसऱ्याच कोणाची असेल पण तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकाला शून्य भुर्दंड. दहा कामाच्या दिवसांत रक्कम खात्यात दाखवायची, नव्वद दिवसांत निकाल लावायचा, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ते बँकेने. कागदावर काही कमी नाही. पण त्यात एक खाच आहे: ग्राहकाने स्वतःची गुप्त माहिती दुसऱ्याला सांगितली असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. मामांचं वाक्य त्या खाचेत उभं आहे.

तक्रारीच्या फॉर्मवर तो प्रश्न होताच. आपण ओटीपी कोणाला सांगितला होता काय? मी फॉर्म भरत होतो, फोनवर आई होती. विचारलं, आई, तो माणूस कोण, कुठला, काहीच कसं विचारलं नाहीस? ती म्हणाली, "त्यानी इचारं, मी सांगं. तू बी तं इचारस ना."

मी बराच वेळ काही टाइप केलं नाही.

दहा-बारा वर्षं मी तिला हेच शिकवलं आहे. फोन वाजतो, कोणीतरी घाईत असतं, सहा आकडे येतात, ते वाचायचे. प्रत्येक मेसेजच्या शेवटी हा नंबर कोणालाही सांगू नका असं असतं. इंग्रजीत असतं, आणि त्या कोणालाहीमध्ये मीही बसतो. बँकेत परदेशी नंबर नोंदवता येतो. त्याचा अर्ज छापून मी काउन्सिल टॅक्सच्या कागदांखाली ठेवलाय, कधीपासून ते विचारू नका. कार्डाची ऑनलाइन मर्यादा मीच पन्नास हजारांवर नेऊन ठेवली होती, पुन्हा पुन्हा कोण बदलणार म्हणून. सात हजार ठेवली असती तर कूलरपुरतं भागलं असतं.

अर्ज का दिला नाही? आळस, हे अर्धं खरं. उरलेलं असं की त्या आकड्यांसाठी मी आईला फोन करतो. इथे संध्याकाळचे सहा, तिकडे साडेदहा. ती अंथरुणातून उठते, चष्मा शोधते, आकडे वाचते, आणि मग दारातलं, शेतातलं, कोणाकडे भरीत-पार्टी झाली आणि मला कोणी आठवलं, सगळं सांगते. आकडे नसतील तर रविवार ते रविवार. आणि तो नंबर बंद केला तर गावात मला फोन करायला नंबरच उरत नाही. तसा त्यावर कोणी करत नाही म्हणा. गेल्या वर्षभरात त्यावर माझ्यासाठी आलेला एकमेव फोन कूलरवाल्याचा.

फॉर्मवर मी 'होय' लिहिलं. कोणाला, या रकान्यात फक्त त्या भामट्याचं लिहिलं.

परवा नवं कार्ड चालू करायचं होतं. आईला फोन लावला. आकडे सांग, आई. ती सांगेना. बापूने तिला बजावलं होतं, आवाज पोराचा असला तरी आधी खात्री कर. "सांग बरं, मांडासनं खापर कोठे शे?"

मी ताबडतोब सांगितलं, मांडे भाजायचं खापर सैपाकघरात, माळ्यावर, उजवीकडे, गोणपाटात गुंडाळलेलं.

पलीकडे आई हसायला लागली. माळा २०१९ मध्येच काढला, म्हणाली, फरशी बसवली तेव्हा. खापर कधीचं बापूच्या घरी आहे. आणि तिने फोन ठेवला.