१४ फेब्रुवारीला फाशी झालीच नव्हती

आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक काळा फळा आहे. पाणी येणार नाही, लिफ्ट बंद, वर्गणी भरा, असल्या सूचनांसाठी लावलेला. त्यातली वरची वीतभर जागा मी दिनविशेषासाठी अडवून ठेवली आहे. शाळेच्या परिपाठाला मुलं तिथूनच उतरवून नेतात, त्यामुळे जरा जपून लिहितो.

यंदा १४ फेब्रुवारीला सकाळी खाली उतरलो, तर माझ्या आधीच कुणीतरी लाल खडूनं लिहून ठेवलेलं. मोबाइलवर दरवर्षी फिरतो तोच मजकूर: आज सगळे व्हॅलेंटाइन डे साजरा करतील, पण १४ फेब्रुवारी १९३१ ला पहाटे लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी दिली गेली, हे कुणालाच आठवणार नाही. मीडिया हे सांगणार नाही. खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा.

पाचवीतली एक मुलगी वही उघडून समोर उभी होती. "आजोबा, हे उतरवू?"

म्हटलं, थांब जरा. आणि पायरीवर बसून तिला जे सांगितलं, तेच इथे थोडं सविस्तर लिहितोय. तिच्या वयाच्या मुलांसाठी, आणि त्यांना हा मजकूर पाठवणाऱ्या काका-मावश्यांसाठीही.

"१४ फेब्रुवारीला फाशी दिली"

नाही. तिघांना फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात. पण मी म्हणतो म्हणून मानू नका, पडताळून बघा. २० मार्च १९३१ ला या तिघांनी पंजाबच्या गव्हर्नरला पत्र लिहिलं. आमच्यावर सरकारशी युद्ध केल्याचा आरोप आहे ना, मग आम्ही युद्धकैदी ठरतो; तेव्हा आम्हाला फाशी देऊ नका, सैनिकांकरवी गोळ्या घाला, अशी त्यात मागणी होती. आता फेब्रुवारीत ज्यांना फाशी झाली, ते मार्चमध्ये पत्र कसं लिहितील? इथे मुलगी खुदकन हसली. एवढा साधा हिशेब आहे.

अजून एक खूण सांगतो. ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. त्या वेळी देशभर लोक विचारत होते, भगतसिंगांचं काय? आणि २३ मार्चला, म्हणजे अगदी त्याच दिवशी, गांधीजींनी व्हाइसरॉयना फाशी थांबवण्यासाठी पत्र लिहिलं होतं. ते पत्र पुरेसं होतं का, उशिरा गेलं का, यावर मोठी माणसं आजही भांडतात. भांडू देत. पण १४ फेब्रुवारीनंतर पाच आठवडे हे तिघे जिवंत होते, यावर भांडण नाही.

"पहाटे"

हेही चूक, आणि या चुकीत खरी हकिगत झाकली जाते. फाशी देण्याचा रिवाज सकाळचा. या तिघांची फाशीही २४ मार्चच्या सकाळी ठरली होती. पण सकाळ झाली की तुरुंगाबाहेर माणसं जमणार, शहर पेटणार, ही सरकारला धास्ती. म्हणून रिवाज मोडून आदल्या संध्याकाळी, साडेसातच्या सुमाराला फाशी उरकली. मृतदेह घरच्यांना दिले नाहीत. रात्रीतच गुपचूप सतलज नदीच्या काठी, फिरोजपूरजवळ नेऊन जाळले. तिथेच हुसैनीवालाचं स्मारक आहे.

भगतसिंग आणि सुखदेव तेव्हा २३ वर्षांचे होते, राजगुरू २२ चे. कॉलेज संपवून नोकरी शोधणारा आपला दादा असतो ना, त्या वयाचे. एवढ्या तरुण पोरांना सरकार घाबरलं, ही गोष्ट 'संध्याकाळ' या एका शब्दात आहे. 'पहाटे' लिहिलं की ती गेली.

"बरं, फाशी नसेल, शिक्षा तरी त्या दिवशी सुनावली असेल"

चूक दाखवली की मजकुराची ही दुसरी आवृत्ती पुढे येते. तिलाही आधार नाही. साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाच्या खटल्यासाठी, म्हणजे ज्याला लाहोर कट खटला म्हणतात त्यासाठी, व्हाइसरॉयनं १९३० च्या मे महिन्यात वटहुकूम काढून खास न्यायाधिकरण नेमलं होतं. त्यानं ७ ऑक्टोबर १९३० ला निकाल दिला. ऑक्टोबरात. व्हॅलेंटाइनच्या आसपासही नाही.

मग १४ फेब्रुवारी १९३१ ला काहीच घडलं नव्हतं का? घडलं होतं. पंडित मदनमोहन मालवीय यांनी त्या दिवशी व्हाइसरॉय आयर्विनकडे दयेची विनंती केली, की फाशी रद्द करून जन्मठेप द्या. ही एवढी खरी गोष्ट. जीव वाचवण्याच्या धडपडीचा दिवस होता तो. पुढे पाठवता पाठवता तोच जीव घेतल्याचा दिवस कसा झाला, मला कळत नाही. पण ऐकीव गोष्टीचं असंच होतं, हे आपण कानगोष्टी खेळताना बघतोच.

"कुणालाच आठवणार नाही, मीडिया सांगणार नाही"

२३ मार्च हा शहीद दिन म्हणून पाळला जातो. शाळेत, पेपरात, टीव्हीवर. आणि आपल्याला तर लांब जायलाच नको. पुण्याहून नाशिक रस्त्यानं निघालं की चाळीसेक किलोमीटरवर भीमेच्या काठी खेड लागतं. शिवराम हरी राजगुरूंचा जन्म तिथला, २४ ऑगस्ट १९०८ चा. गावाचं नावच आता राजगुरूनगर आहे. एसटीच्या पाटीवर ज्यांचं नाव रोज धावतं, त्यांना सगळे विसरले म्हणणाऱ्यानं एकदा त्या गाडीत बसावं.

पलीकडच्या लाहोरातही ते पुरते विसरले गेलेले नाहीत. जिथे फाशी झाली तो तुरुंग पुढे पाडला गेला. त्या जागी आज शादमान चौक आहे. २३ मार्चला तिथे काही लोक भगतसिंगांसाठी मेणबत्त्या लावतात. गंमत म्हणजे त्याच दिवशी तिथे राष्ट्रीय सुट्टी असते, पण वेगळ्याच कारणानं. १९४० च्या मार्चमध्ये याच लाहोरात मुस्लिम लीगनं पाकिस्तानचा ठराव केला, म्हणून २३ मार्च हा तिकडचा पाकिस्तान दिन. एक शहर, एक तारीख, आणि दोन अगदी वेगळ्या आठवणी.

"आज व्हॅलेंटाइन की फाशी, निवडा"

असं शब्दांत लिहिलेलं नाही, पण सगळ्या मजकुराचा रोख हाच. तारीख म्हणजे जणू एसटीतली खिडकीची जागा. एकानं रुमाल टाकला की दुसऱ्यानं उभं राहायचं.

मी तिला भिंतीवरचं कॅलेंडर आठवायला सांगितलं. चौकोन किती? ३६५, लीप वर्षात एक जास्त. आणि माणसांचा इतिहास हजारो वर्षांचा. म्हणजे प्रत्येक चौकोनात दाटीवाटी होणारच. १४ फेब्रुवारीचाच चौकोन बघा. १४८३ साली याच दिवशी बाबर जन्मला. १८७६ साली याच दिवशी वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत दोन वकील येऊन गेले: एकानं अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा टेलिफोनसाठीचा अर्ज दिला, दुसऱ्यानं एलिशा ग्रेची तशाच यंत्राची आगाऊ नोंद. एकच कल्पना, एकच कचेरी, एकच दिवस! पेटंट बेलला मिळालं आणि वाद कितीतरी वर्षं चालला. १९९० साली याच दिवशी व्हॉयेजर १ या यानानं सुमारे ६ अब्ज किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला. त्यात आपण सगळे मिळून एक फिकट निळा ठिपका आहोत.

आणि २०१९ साली याच दिवशी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यात दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. हुतात्म्यांचीच आठवण काढायची तर या तारखेला ती काढायला खरं कारण आहे. खोटं कशाला हवं?

पुढच्या पंधरवड्यात २७ फेब्रुवारी येतो. त्या दिवशी शाळेत मराठी भाषा गौरव दिन असतो, कारण कुसुमाग्रजांचा जन्म १९१२ सालचा त्या तारखेचा. आणि १९३१ साली त्याच तारखेला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद पोलिसांशी लढताना गेले. म्हणून कुणी कविता म्हणायच्या थांबवत नाही.

एक शंका मुलीनं बरोबर काढली. "पण शिवजयंती पण दोन तारखांना असते की." असते. पण ते निराळं. तिथे जुन्या नोंदींमध्येच मेळ नव्हता, इतिहासकारांनी कागद समोर ठेवून वर्षानुवर्षं वाद घातला, आणि तिथी की इंग्रजी तारीख हा प्रश्न आणखी वर. तो कागदांचा वाद आहे. इथे १४ फेब्रुवारीच्या बाजूनं एकही कागद नाही, फक्त 'पुढे पाठवा' आहे.

मग तिनंच डस्टर घेतलं. लाल खडू सहजी निघेना, ओलं फडकं आणावं लागलं. मी लिहिलं: १८७६, टेलिफोनचे दोन अर्ज. १९३१, भगतसिंग, सुखदेव, राजगुरू यांच्यासाठी मालवीयांची दयेची विनंती. १९९०, निळा ठिपका. २०१९, पुलवामा. वीतभर जागा संपली, बाबर बाहेर राहिला.

२३ मार्चचा फळा मात्र तिनं आत्ताच मागून ठेवलाय. राजगुरूंच्या वाड्याचं चित्र काढणार आहे. दरवाजाची कमान खडूनं गोल कशी येईल, एवढंच अडलंय.