‘एकदा क्लोन करा आणि निर्धास्त राहा’: या सल्ल्यातलं खरं किती?

हार्ड डिस्कच्या बॅकअपबद्दलचा एक सल्ला थोडेफार शब्द बदलून पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होत असतो. त्याचा सारांश असा: ‘महागडी बॅकअप सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. कुठलंही मोफत क्लोनिंग सॉफ्टवेअर डाउनलोड करा, सगळी सारखीच असतात. डिस्कचा सेक्टर-टू-सेक्टर (रिकाम्या जागेसकट तुकडा न तुकडा) क्लोन करा आणि ती दुसरी डिस्क कपाटात ठेवून द्या. पहिली गेली की दुसरी लावा, पाच मिनिटांत कॉम्प्युटर सुरू. डिस्क खराब व्हायला लागली तरी घाबरू नका, तेव्हाही क्लोन होतो. काम झालं की सॉफ्टवेअर काढून टाका.’

पहिलं वाक्य मला मान्य आहे. घरच्या कॉम्प्युटरसाठी पैसे मोजायची गरज बहुतेकांना नसते. भानगड त्यानंतर सुरू होते.

‘क्लोन केला म्हणजे बॅकअप झाला’

क्लोन म्हणजे एका डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवणं. त्याला एकच तारीख असते. समजा मार्चमध्ये एक फोल्डर चुकून उडालं आणि ते जूनमध्ये लक्षात आलं. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, तुम्ही शहाण्यासारखा नवा क्लोन केला असेल, तर त्यातही ते फोल्डर नाही. केला नसेल, तर फोल्डर मिळेल, पण नंतरचं सगळं काम जुन्या क्लोनमध्ये नसेल. रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइली अडवणाऱ्या व्हायरसने) लॉक केलेल्या किंवा न कळत बिघडलेल्या फाइलींचंही तेच. क्लोनिंग सॉफ्टवेअरला चांगली फाइल आणि वाईट फाइल यांतला फरक कळत नाही, कळायची अपेक्षाही नाही. ते जे दिसेल ते इमानेइतबारे उतरवून घेतं.

बॅकअप म्हणजे मागच्या वेगवेगळ्या तारखांना परत जाता येणं. त्यासाठी इमेज लागते, म्हणजे आख्खी डिस्क एका किंवा अनेक फाइलींच्या रूपात साठवलेली. एका मोठ्या डिस्कवर अशा चार-पाच इमेज मावतात, क्लोन मात्र आख्खी डिस्क अडवून बसतो. त्यापुढची पायरी इन्क्रिमेंटल बॅकअपची: पहिल्यांदा सगळं, नंतर फक्त बदललेलं. विंडोजवर व्हीम एजंट या बॅकअप सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे मिळतं, आणि काम सुरू असताना मागे चालतं. ज्यांना विंडोज किंवा लिनक्स नव्याने टाकायचा कंटाळा नाही, त्यांनी तर आख्ख्या डिस्कचा नाद सोडून फक्त आपल्या फाइलींचा बॅकअप घ्यावा. रेस्टिक, बोर्ग, कोपिया ही तिन्ही मोफत आणि ओपन सोर्स आहेत. ती बॅकअप एन्क्रिप्ट करतात (पासवर्डशिवाय वाचता येऊ देत नाहीत), जुन्या आवृत्त्या ठेवतात आणि तोच डेटा दोनदा साठवत नाहीत.

कपाटातली डिस्क ही आणखी एक गोची. घरात आग लागली किंवा चोरी झाली तर कॉम्प्युटर आणि कपाट दोन्ही एकाच घरात असतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम यासाठीच आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी.

मग क्लोन कधी करायचा? जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाताना, हे त्याचं खरं काम. मोठं अपडेट टाकण्याआधी आहे ती अवस्था जशीच्या तशी राखून ठेवायला, किंवा काही तासही बंद राहून चालणार नाही अशा मशीनला तयार जोडीदार म्हणूनही तो ठीक. अशा कामांना क्लोनइतकं सोयीचं दुसरं काही नाही, हे कबूल.

‘कुठलंही घ्या, सगळी सारखीच’

मुळीच नाहीत. ढोबळ चार गट पडतात.

पहिला गट पेनड्राइव्हवरून बूट होणाऱ्यांचा, म्हणजे विंडोज सुरू न करता चालणाऱ्यांचा. त्यात सगळ्यांत जुनं-जाणतं नाव क्लोनझिला. तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कम्प्युटिंगमध्ये तयार झालेलं, ओपन सोर्स, भरवशाचं, आणि दिसायला रुक्ष. त्याच्या मर्यादा त्याच्या कर्त्यांनीच स्पष्ट लिहून ठेवल्यात: इन्क्रिमेंटल बॅकअप नाही, इमेज उघडून त्यातली एखादीच फाइल काढता येत नाही, आणि नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. ही शेवटची अट लोकांना नडते. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर जेमतेम १२० जीबी डेटा आहे, म्हणून ५०० जीबीची एसएसडी आणली, तर क्लोनझिला सरळ नकार देतं. मग आधी पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) लहान करा, तज्ज्ञांसाठीच्या पर्यायांत जाऊन आकाराची तपासणी बंद करा, आणि हेही शेवटचं पार्टिशन नव्या डिस्कच्या हद्दीत बसत असेल तरच. ज्यांना काळ्या-निळ्या पडद्यावरच्या मेनूची धास्ती वाटते त्यांच्यासाठी रेस्क्यूझिला आहे. ते माउसने चालतं, क्लोनझिलाच्या इमेज त्याला वाचता येतात आणि इमेज उघडून आतल्या फाइली बघायची सोयही त्यात आहे.

दुसरा गट चालू विंडोजमधूनच इमेज घेणाऱ्यांचा. विंडोजच्या व्हॉल्यूम शॅडो कॉपी या सेवेकडून ही सॉफ्टवेअर त्या क्षणाची स्थिर प्रत मागून घेतात, म्हणून उघड्या फाइलींचाही बॅकअप होतो. वर सांगितलेलं व्हीम यातलंच. तिसरा गट डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांचा. सीगेट, वेस्टर्न डिजिटल, सॅमसंग यांची साधनं फुकट असतात, पण जोडलेल्या डिस्कपैकी निदान एक त्या कंपनीची असावी लागते, आणि सॅमसंगच्या बाबतीत तर नवी डिस्क त्यांचीच एसएसडी हवी. ती असेल तर हा सगळ्यांत सोपा मार्ग.

चौथा गट विकाऊ सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्त्यांचा, आणि इथे डोळे उघडे ठेवायला हवेत. काहींत सगळं भरून झाल्यावर शेवटच्या बटणावर कुलूप दिसतं: क्लोन हवा तर पैसे भरा. काहींची परवानगी फक्त घरगुती वापराला असते, ऑफिसच्या मशीनवर ती चालत नाहीत. आणि मोफत आवृत्ती कायम राहीलच असं नाही. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती कित्येक वर्षं लोकांची आवडती होती. कंपनीने ती बंद केली आणि तिचे सुरक्षा अपडेटही १ जानेवारी २०२४ पर्यंतच दिले. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, तो तिचा धंदा आहे. पण पुढच्या दहा वर्षांच्या बॅकअपचा विचार करताना ही शक्यता धरूनच चालावं.

गट कुठलाही असो, एक पडदा सगळ्यांत येतो आणि खरा घात तिथे होतो. क्लोनझिलातला बघा. जोडलेल्या डिस्कची यादी येते: एसडीए, एसडीबी (लिनक्सने डिस्कना दिलेली नावं), पुढे आकार, मॉडेल, बहुतेकदा सीरियल नंबर. आधी सोर्स निवडायचा, मग टार्गेट. दोन्ही डिस्क १ टीबीच्या आणि एकाच कंपनीच्या असतील तर त्या दोन ओळींत फरक उरतो तो सीरियल नंबरच्या शेवटच्या काही अक्षरांचा. नेहमी एसडीए हीच जुनी डिस्क असते, असं समजणारे इथेच फसतात. ही नावं प्रत्येक बूटला बदलू शकतात. उलटं निवडलं की कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. क्लोनझिला पुन्हा पुन्हा ‘वाय’ दाबून खात्री करायला लावतं, पण ‘पुढे, पुढे’ करायची सवय झालेल्या हाताला त्याचं काय! दोन्ही डिस्कच्या लेबलवरचे सीरियल नंबर आधी कागदावर लिहून घ्या आणि या कामात नसलेली प्रत्येक डिस्क काढून ठेवा.

‘सेक्टर-टू-सेक्टर सगळ्यांत भरवशाचं’

हा गैरसमज. वापरात असलेले ब्लॉकच उतरवले तरी प्रत तितकीच खरी असते. सेक्टर-टू-सेक्टरमध्ये जास्तीचं मिळतं ते रिकाम्या जागेतलं. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तर पावणेतीन तास, जुन्या यूएसबी २.० जोडणीवर आठ तासांच्या वर. फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) सॉफ्टवेअरच्या ओळखीची नसेल, उडालेल्या फाइली परत मिळवायच्या असतील, किंवा बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद पार्टिशन तसंच उतरवायचं असेल, तर ही पद्धत हवी. एरवी नको. बिटलॉकरच्या बाबतीत आणखी एक: एन्क्रिप्ट झालेला डेटा दाबून लहान होत नाही, म्हणून इमेज जवळपास आख्ख्या पार्टिशनएवढी होते.

‘दुसरी लावा, पाच मिनिटांत सुरू’

होतं असं, पण हमी नाही. क्लोन करून दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून विंडोज सुरू केलं तर दोघींची डिस्क सिग्नेचर (ओळख क्रमांक) एकच निघते आणि विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं. लिनक्सवर यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) तोच असल्याने भलतंच पार्टिशन माउंट होऊ शकतं. बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये तर यातून डेटाच बिघडू शकतो. म्हणून पहिलं बूट जुनी डिस्क काढूनच करायचं. साटा जोडणीच्या जुन्या डिस्कवरून एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या एसएसडीवर गेलात तर बूट होताना ड्रायव्हरवरून विंडोज अडू शकतं. मोठ्या डिस्कवर गेलात तर जास्तीची जागा शेवटी पडून राहते आणि सी ड्राइव्ह वाढवता येत नाही, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून असतं. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ‘मी कधी बिटलॉकर लावलंच नाही’ म्हणणाऱ्यांनीही तपासून बघावं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या सेटअपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुधा आपोआप सुरू होतं. अॅपल सिलिकॉनच्या (अॅपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकमध्ये तर आतली स्टोरेजच गेली असेल तर बाहेरच्या डिस्कवरून मशीन बूटच होत नाही.

क्लोनच्या आधीची एक बारीक गोष्ट: विंडोजचं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर शटडाउन केलेलं मशीन खऱ्या अर्थाने बंद झालेलं नसतं, विंडोजची फाइल सिस्टिम (एनटीएफएस) अर्धवट झोपेत असते, आणि पेनड्राइव्हवरचं सॉफ्टवेअर तिला हात लावायला तयार होत नाही. एरर बघून लोक सॉफ्टवेअरलाच शिव्या घालतात. फास्ट स्टार्टअप बंद करून पुन्हा शटडाउन केलं की काम होतं.

हे सगळं आधी कळायचा मार्ग एकच. क्लोन झाल्याच्या दिवशीच मूळ डिस्क काढून, क्लोन जोडून मशीन चालू करून बघायचं. इमेज असेल तर ती एखाद्या जुन्या डिस्कवर रिस्टोअर करून बघायची.

‘डिस्क खराब व्हायला लागली तरी क्लोन होतो’

सगळ्यांत घातक वाक्य हे. साधं क्लोनिंग पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत ओळीने वाचत जातं. खराब सेक्टर आला की डिस्क तिथेच अडून तोच सेक्टर वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. अशा झगड्यात मरायला टेकलेली डिस्क पुढचे शेकडो जीबी निरोगी असतानाच जाऊ शकते. बरीच सॉफ्टवेअर तर पहिल्याच एररला काम सोडून देतात.

अशा वेळी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरतात, तेही मोफत. त्याची चाल वेगळी आहे: पहिल्या फेरीत सहज वाचता येईल ते सगळं घ्यायचं, अडलं की तो भाग सोडून पुढे उडी मारायची, खराब भागांच्या कडा कुरतडणं आणि हट्टी सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघणं हे सगळं शेवटी. कुठला भाग मिळाला, कुठला राहिला, याची नोंद एका मॅप फाइलमध्ये होत जाते. त्यामुळे डिस्क तापली तर मध्येच थांबवून, थंड होऊ देऊन, तिथूनच पुढे सुरू करता येतं. मॅप फाइल नाही दिली तर ही सोय गेली; आणि ती त्याच आजारी डिस्कवर ठेवणारे महाभागही असतात. ती तिसऱ्या ठिकाणी ठेवायची.

विंडोजचं दुरुस्तीचं साधन, चेकडिस्क, आधी चालवू नका. ते डिस्कवर लिहितं, आणि दुरुस्तीच्या नावाखाली वाचता येण्याजोगं असतं तेही घालवू शकतं. आधी प्रत, मग जी काही दुरुस्ती करायची ती प्रतीवर. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर वीज बंद करा. तो बिघाड यांत्रिक आहे, तिथे कुठलंही सॉफ्टवेअर, मोफत वा विकतचं, कामाचं नाही. डेटा महत्त्वाचा असेल तर ती डिस्क डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेतच जायला हवी.

‘स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तपासत राहीन, इशारा आला की क्लोन करीन’ हाही बेत कच्चा. गूगलने आपल्या लाखभराहून जास्त डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. रीॲलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) किंवा पेंडिंग (संशयित) सेक्टरचा आकडा वाढताना दिसला तर लगेच हालचाल कराच, पण तो शून्य आहे म्हणून स्वस्थ बसू नका.

‘काम झालं की सॉफ्टवेअर काढून टाका’

नुसता क्लोन असेल तर काढा, काही बिघडत नाही. इमेज असेल तर ती परत उतरवायला तेच सॉफ्टवेअर लागतं, आणि तेही अशा वेळी जेव्हा मशीन बूट होत नसतं. रिकव्हरी पेनड्राइव्ह त्यासाठी आधीच करून ठेवायचा आणि तो त्याच मशीनवर बूट होतो ना, कीबोर्ड चालतो ना, बाहेरची डिस्क दिसते ना, हे बघायचं. विकाऊ सॉफ्टवेअरच्या इमेज त्यांच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये असतात, म्हणून ज्या आवृत्तीने इमेज घेतली तिची इन्स्टॉलर फाइल इमेजशेजारीच ठेवा. क्लोनझिलाची इमेज म्हणजे एक साधं फोल्डर असतं: पार्टिशनचा तक्ता वाचता येईल अशा टेक्स्ट फाइलींत, आणि डेटा पार्टक्लोनच्या (क्लोनझिला आतून वापरतं त्या साधनाच्या) कॉम्प्रेस केलेल्या तुकड्यांत. उद्या क्लोनझिला बंद पडलं तरी कुठल्याही लिनक्सवर ते तुकडे जोडून, उघडून, पार्टक्लोनने डिस्कवर उतरवता येतात.