घरच्यांनी फोटो दिला, म्हणून पुढे पाठवायचा?

‘नाव लपवाल तर न्यायही लपेल’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या फिरतोय. सोबत अत्याचारात जीव गेलेल्या एका मुलीचा फोटो, पूर्ण नाव आणि गाव. म्हणणं थोडक्यात असं: नाव न छापणं म्हणजे लाज पीडितेच्याच माथी मारणं. नाव कळलं की लोक पेटून उठतात आणि कायदे बदलतात. घरच्यांची संमती असली की हरकत नाही. ती हयात नसेल तर कायदा लागूच होत नाही. आणि लागू असलाच तर तो पत्रकारांना, आपल्याला नाही.

परवा हा मजकूर माझ्या मावशीनं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. मी फोन केला तर म्हणाली, “अगं, घरच्यांनीच दिलाय म्हणे फोटो. आपण चांगल्यासाठीच पाठवतोय ना?” तिच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच जास्त संताप आला. मी पत्रकारितेच्या मुलांना माध्यमांची नीतिमूल्यं शिकवते, आणि वर्गात वर्षभर घासून जे पुसायचं ते असं एका मजकुरानं घराघरांत पुन्हा उमटतं.

घरच्यांच्या संमतीचा मुद्दा सगळ्यात घातक आहे, तोच आधी घेते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ (१ जुलै २०२४ पूर्वी दंड संहितेचं २२८ अ) लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीची ओळख उघड करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. पीडित व्यक्ती मृत किंवा अल्पवयीन असेल तर जवळचे नातेवाईक लेखी परवानगी देऊ शकतात, हे खरं. पण ती कोणाला? फक्त मान्यताप्राप्त कल्याणकारी संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला. वर्तमानपत्राला नाही, चॅनेलला नाही, मावशीच्या ग्रुपला तर नाहीच. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी पक्कं केलं: मृत पीडितेचं नाव नातेवाईक हो म्हणाले तरी उघड करता येणार नाही. तसं करण्याजोगी परिस्थिती आहे का, हे सत्र न्यायाधीश ठरवतील. मेलेल्या माणसालाही प्रतिष्ठा असते, असं न्यायालयाचं म्हणणं. ‘मृत्यूनंतर कायदा संपतो’ हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. आणि थोडं थांबून विचार करा. आरोपी कित्येकदा घरातला किंवा नात्यातला असतो. दारात कॅमेरे उभे असताना, परवा पोर गमावलेल्या बापानं कपाटातून काढून दिलेल्या फोटोला आपण संमती म्हणायचं?

याच निकालात समाजमाध्यमांचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे ‘फक्त पत्रकारांना’ हेही खोटं. कोलकात्याच्या डॉक्टर तरुणीचं नाव आणि फोटो सगळ्या समाजमाध्यमांवरून काढून टाकण्याचा आदेश ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ते टाकणारे काही सगळे पत्रकार नव्हते.

पत्रकारांनी मात्र शहाजोगपणा करू नये. जम्मूतल्या कठुआच्या, अत्याचार करून मारलेल्या आठ वर्षांच्या मुलीची ओळख छापल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बारा माध्यमसमूहांना प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले होते. नाव गाळलं की काम झालं असंही नाही. मी वर्गात एक जुनं कात्रण वाटते. नाव कुठेच नाही. तालुका आहे, मुलगी कितवीत ते आहे, वडील कोणत्या कारखान्यात ऊसतोडीला जातात ते आहे, आणि निळ्या दाराच्या घराचा फोटो. यातून काय काय कळतं, एवढंच विचारते. एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी कात्रण हातात धरून हळूच म्हणाली, “मॅडम, हे आमच्या शेजारच्या गावातलं आहे.” तिनं दारावरून ओळखलं होतं. त्या दिवशी पुढे शिकवणं झालं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये नाव-पत्त्यासोबत कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार हे सगळं लिहिलंय ते उगाच नाही.

आता ‘नाव कळलं की कायदे बदलतात’. डिसेंबर २०१२ मध्ये धावत्या बसमधल्या सामूहिक बलात्कारानंतर दिल्लीच्या रस्त्यांवर माणसं उतरली तेव्हा त्या मुलीचं नाव छापलं गेलं नव्हतं. कायद्यात काय बदलावं हे सुचवण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं २३ जानेवारी २०१३ ला अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा बदलला. उलट उदाहरण आपल्याच मातीतलं. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिचं नाव निकालपत्रात होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही आरोपी पोलीस सोडले. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि निकालातलं एकेक वाक्य धरून विचारलं, की गप्प राहणं म्हणजे संमती कशी? त्यातून चळवळ पेटली आणि बलात्काराच्या कायद्यात १९८३ ची दुरुस्ती झाली. ओळख न छापण्याचं कलम त्याच दुरुस्तीत आलं! तिचं नाव मात्र आजही खटल्याला चिकटलेलं आहे, आणि नावाला ‘खोटारडी’ हा शब्द. मी ते वर्गात घेत नाही, इथेही लिहिलेलं नाही.

लाजेचा मुद्दा तेवढा मला अर्धा मान्य करावा लागतो. लाज गुन्हेगाराला वाटायला हवी. सज्ञान, हयात बाई स्वतः लेखी परवानगी देऊन नावानिशी पुढे येऊ शकते, कायद्यानं तिला तो हक्क दिलाय, आणि अशा बायका पुढे येतात तेव्हा त्यांच्या धैर्यापुढे मी नमते. दिल्लीच्या त्या मुलीच्या आईनंही २०१५ मध्ये जाहीरपणे लेकीचं नाव घेतलं. त्या माउलीला मी काय सांगणार? पण ती आई होती. मजकूर पुढे ढकलणारे आपण कोण?

मावशीनं फोटो काढून टाकला. मग विचारलं, “पण शनिवारच्या मोर्चात फलकावर काय लिहू?” मी म्हटलं, तक्रार नोंदवायला पोलिसांना किती दिवस लागले ते लिही. आरोपपत्र कधी दाखल होणार, ते विचार. रात्री तिनं पुठ्ठ्याचा फोटो पाठवला. जाड निळ्या मार्करनं, फळ्यावरच्या तिच्या त्याच गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘आरोपपत्र कधी?’