दिवस सोळा तासांचा झालेला नाही

‘पृथ्वीचा शूमन अनुनाद ७.८३ वरून वाढलाय, त्यामुळे दिवस आता १६ तासांचाच उरलाय. म्हणून वेळ पुरत नाही, झोप लागत नाही, छाती धडधडते. औषधं नकोत, ध्यान करा.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. परवा तो अमळनेरला माझ्या मावशीकडे पोचला आणि तिने बीपीची गोळी थांबवली.

आधी तेच बोलतो. धडधड आणि झोप न लागणं ही दुखण्याची लक्षणं असू शकतात. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद केली की दाब पुन्हा चढतो, पक्षाघातापर्यंत पाळी येते. ध्यान खुशाल करा, पण गोळी घेऊन. लिहिणाऱ्याचं काय जातं? भोगणार घरचे. डॉक्टरांना फोन लावला तेव्हा कुठे मावशीने पुन्हा गोळी घेतली.

आता ते १६ तास. अंगणात काठी रोवा. अमळनेरात सावली सर्वांत आखूड होते ती साधारण साडेबाराला, कारण प्रमाणवेळेची रेषा आपल्या बरीच पूर्वेला आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मध्ये चोवीस तासच गेलेले असतील, फरक पडलाच तर सेकंदांचा. दिवस सोळा तासांचा असता तर दुसरी भरदुपार घड्याळात पहाटे साडेचारलाच झाली असती!

शूमन अनुनाद म्हणजे विजांमुळे जमीन आणि आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्यामध्ये घुमणाऱ्या लहरी. ७.८३ हा त्यांच्या सेकंदाला होणाऱ्या कंपनांचा आकडा मुख्यतः पृथ्वीच्या घेरावरून येतो, गिरकीवरून नाही.

पृथ्वीची गती थोडी बदलते, एवढं मान्य. पण मिलिसेकंदांनी. तिचा हिशोब ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेच्या नोंदी बघा: १९७२ पासून घड्याळ पृथ्वीच्या गिरकीशी जुळवायला २७ जादा सेकंद (लीप सेकंद) घातले गेले. काढलेला एकही नाही; दिवस आखूड झाला असता तर काढावे लागले असते.

‘टाइम कसा जास, समजतच नही,’ असं मावशी म्हणते, तेही खरंच. पण ते पृथ्वीमुळे नाही, निरोप आणणाऱ्या साधनांमुळे. रेल्वे आणि तार आली तेव्हा भुसावळ स्टेशन मद्रासच्या वेळेवर चालू लागलं, डोक्यावरचा सूर्य काहीही म्हणो. प्रमाणवेळ १९०६ची. रेडिओच्या काळात सात पाचच्या प्रादेशिक बातम्या संपल्या की माणूस शेतात जायचा, पुढची बातमी थेट संध्याकाळी. आता केळीचा भाव, पावसाचा अंदाज, भावकीतलं लग्न, सगळं दिवसभर मोबाइलवर येत राहतं. रात्री साडेअकरापर्यंत ग्रुप चाळल्यावर झोप कशी लागेल? मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी निदान दहानंतर तरी हात आवरावा.