गच्चीवरच्या बायोफ्लॉकचा न जमणारा हिशेब

‘गच्चीवर १०,००० लिटरची बायोफ्लॉक टाकी बसवा, खाद्य जवळजवळ फुकट, सहा महिन्यांत लाखाचा नफा आणि ६० टक्के खर्च सरकारचा’ असा संदेश मुंबईतील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर वारंवार फिरतो. बायोफ्लॉक, म्हणजे जिवाणूंच्या मदतीने टाकीत मासे पाळण्याचे तंत्र, खरे आहे, हिशेब मात्र खोटा आहे.

गच्चीचा मुद्दा सर्वांत धोकादायक. १०,००० लिटर पाणी म्हणजे १० टन वजन. पाण्याची खोली एक मीटर धरली तरी दर चौरस मीटरला १,००० किलो भार येतो. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार सुमारे १५० किलो आहे. इमारतीची पाण्याची टाकीही वरच असते, हा युक्तिवाद टिकत नाही, कारण तिचा भार आराखड्यातच धरून ती खांबांवर पेललेली असते.

खाद्य फुकट, हे अर्धसत्य आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया पाण्यात घातलेल्या गुळाच्या कार्बनच्या आधारे जिवाणू वापरतात, त्यातून प्रथिनयुक्त फ्लॉक (जिवाणूंचे पुंजके) तयार होतो आणि मासे तो खातात. परंतु त्यातील नायट्रोजन मुळात विकतच्या खाद्यातूनच आलेला असतो. फ्लॉकमुळे खाद्याची बचत होते, गरज संपत नाही.

आता नफा पाहू. समजा, टाकीतून २०० किलो तिलापिया निघाला आणि ठोक बाजारात किलोला १२० रुपये मिळाले, तर हाती २४,००० येतात. किलोमागे दीड किलो खाद्य, ५० रुपये दराने, म्हणजे १५,०००. दीडशे वॅटचा हवेचा पंप अहोरात्र चालवल्यास सहा महिन्यांत सुमारे ६५० युनिट, दहा रुपये दराने ६,५००. उरलेल्या अडीच हजारांत बोटुकली (माशांची पिल्ले), गूळ, मरतूक, टाकीची झीज आणि स्वतःची मजुरी बसवायची! उत्पादन दीडपट धरले, तरी लाख दूरच. संदेशात किरकोळ विक्रीचा भाव धरलेला असतो. प्रत्यक्षात आंध्रच्या मोठ्या तळ्यांतून बर्फात येणाऱ्या रोहू-कटल्याशी आपली स्पर्धा असते, आणि पापलेट-सुरमईवर जीव असलेला मुंबईकर तिलापियाला चढा भाव सहसा देत नाही.

शिवाय फ्लॉकमधील जिवाणूही प्राणवायू घेतात, त्यामुळे पंप थांबला की मासे लवकरच गुदमरू लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज काही तास गेली होती. इन्व्हर्टरचा खर्च या संदेशात कुठेच नाही.

राहिले अनुदान. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत ६० टक्के अनुदान महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, इतरांना ४० टक्के. आणि त्या योजनेतील लहान बायोफ्लॉक युनिट सात टाक्यांचे, साडेसात लाखांचे आहे.