'स्वतंत्र' कोणाला म्हणायचं? (बिल डग्लसवरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. संस्थेच्या अनुदानावर सिनेमे काढणारा स्कॉटिश दिग्दर्शक बिल डग्लस 'स्वतंत्र' कसा? आणि सहा वर्षांत तीन छोटे सिनेमे, तेही सगळं रडगाणं, त्याचं एवढं कौतुक कशाला?

आधी माझी चूक. त्याने हे सिनेमे 'एकट्याच्या बळावर' काढले असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं, ते साफ चुकीचं. काढून टाकलंय. पैसे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या निर्मिती मंडळाचे होते आणि तिथल्या मामून हसनने त्याची बाजू उचलून धरली नसती तर पहिला सिनेमाही झाला नसता. पण त्याआधी काय घडलं तेही बघा. हीच पटकथा घेऊन तो 'फिल्म्स ऑफ स्कॉटलंड'कडे गेला होता. प्रगतिशील स्कॉटलंडचे माहितीपट काढणारी ही समिती. पटकथेतलं, एडिंबराजवळच्या न्यूक्रेगहॉल या कोळसा खाणीच्या गावातलं युद्धकाळातलं दारिद्र्य तिला कशाला परवडतंय? नकार मिळाला. पटकथा गोड करून पुन्हा नेता आली असती. त्याने ती लंडनला नेली. मी 'स्वतंत्र' म्हणतो ते एवढ्यासाठी. पैसा कुणाच्या खिशातला, हा मुद्दा माझ्या लेखी दुय्यम.

आता रडगाणं. पहिल्या सिनेमातला, 'माय चाइल्डहूड' (१९७२) मधला कपाचा प्रसंग आठवतोय? पोरगा कपात उकळतं पाणी ओततो. आपल्याला वाटतं, चहा करतोय. तो पाणी ओतून देतो आणि रिकामा गरम कप म्हाताऱ्या आजीच्या हातांत देऊन तिची बोटं त्याच्याभोवती मिटवतो. बस. कुणी बोलत नाही, कुणी डोळे पुसत नाही. रडगाणं गाणाऱ्याने इथे व्हायोलिन वाजवलं असतं हो! व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या पाऊण तासाच्या सिनेमाला 'रौप्य सिंह' हा पुरस्कार मिळाला, तेव्हा डग्लस अडतीस वर्षांचा होता. म्हणजे 'उमदा तरुण' वगैरेही नव्हे. दुसरा, 'माय एन फोक' (१९७३) मात्र जड जातो, हे मान्य. मलाही तो एका बैठकीत बघवला नव्हता.

राहिला सहा वर्षांचा हिशेब. या सिनेमांतला पोरगा म्हणजे जेमी, डग्लसचंच प्रतिरूप. त्याचं काम करणारा स्टीफन आर्चिबाल्ड नट नव्हता. डग्लसला तो बसस्टॉपवर भेटला, सिगारेट मागायला आलेला. तिन्ही सिनेमांत तोच आहे. तिसऱ्यात, 'माय वे होम'मध्ये (१९७८), जेमी सक्तीच्या लष्करी नोकरीवर इजिप्तला जातो, कारण डग्लसही तसाच गेला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिनेमातली पाच वर्षं त्या पोराच्या चेहऱ्यावर सरळ दिसतात. तिन्ही सलग लावून बघा, मधे चहाला उठलात तरी चालेल.