खालची नदी गप्प कशी करावी

धरणातून किती पाणी सोडायचं हे ठरवायचं काम तुमच्याकडे आलंय? अभिनंदन. खाली मासे मेले तरी तुमच्यावर बालंट येणार नाही, अशा काही युक्त्या देतो. परवा एका बैठकीत ऐकून आलोय, अजून डोकं ठणकतंय.

पहिली गोष्ट, खाली जाणाऱ्या पाण्याला 'वाया गेलेलं' म्हणायचं. खाडीने हरकत घेतल्याचं कधी ऐकलंय?

किमान प्रवाहाचा हट्ट कुणी धरलाच, तर टेनंट या अमेरिकी मत्स्यतज्ज्ञाचं नाव घ्या. त्याने 1976 मध्येच लिहून ठेवलंय: सरासरी वार्षिक प्रवाहाच्या 10 टक्के. तेवढ्यात जलचर कसेबसे, तेही थोडाच काळ तगतात आणि बरं जगायला 30 टक्के लागतात, हेही त्यानेच लिहिलंय. तिकडे बघायचं नाही.

उन्हाळ्यात पाणी तळाच्या दारातून सोडा. गारढोण असतं आणि प्राणवायू जेमतेम.

आता खरी कला. प्राणवायू मोजायचा तो भर दुपारीच. प्रवाह तोडला की पाणी साचतं, तापतं, शेवाळ माजतं. उन्हात ते शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे दुपारचा आकडा काय देखणा येतो! रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढून घेतं आणि उजाडायच्या सुमारास पाण्यात तो सगळ्यात कमी उरतो. मासे तेव्हा वर येऊन तोंडं वासतात. पण त्या वेळी मीटर घेऊन पात्रात उतरतंय कोण? परवा पडद्यावर जो तक्ता झळकत होता, त्यात पहाटेची एकही नोंद नव्हती. विचारलं, तर साहेब म्हणाले, "आम्ही कार्यालयीन वेळेत मोजतो." कार्यालयीन वेळेत! म्हणजे मासोळीनेही गुदमरायचं ते हजेरीपटावर सही करून! आणि खाली शेरा काय, तर 'सर्व मापदंड समाधानकारक'. कुणाला समाधानकारक? पोट वर करून तरंगत होते त्यांना?

विजेची मागणी वाढली की सोडा, उतरली की खटकन बंद. पिल्लं काठच्या दगडगोट्यांत अडकतात. बगळे दुवा देतील.

आणि सगळं अंगाशी आलंच, तर दुष्काळ आहेच. ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीवर मेनिंडीजवळ 2018-19 च्या उन्हाळ्यात मासे थव्यांनी मेले, तेव्हाही दुष्काळच पुढे केला होता. मग तिथल्या विज्ञान अकादमीने सांगितलं की दुष्काळापेक्षा वरच्या अंगाला झालेला बेसुमार उपसा जास्त नडला. अकादम्यांना आमंत्रण देऊ नका.

अहो, माणसांचं पाणी तोडा असं म्हणतंय कोण? प्यायला आधी माणसांनाच द्या. पण दरवाजा टप्प्याटप्प्याने मिटवायला तुमचं काय जातं? वरच्या थराचं पाणी सोडायला दार आहे, तर ते गंजवत का ठेवता? रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचे, आपोआप नोंदी घेणारे मीटर मिळतात. एक लावा आणि पुढच्या बैठकीत पहाटेचे आकडे पडद्यावर आणा. आणणार नसाल, तर तो 'समाधानकारक' शेरा तरी आधी खोडा.